सोलापूर ते अमेरिका विनाथांबा: आई-वडिलांना सोळा तासांच्या विमानात बसवण्याआधी

आई न्यूयॉर्कला उतरली तेव्हा तिच्या पायाच्या बोटांत जोडवी रुतली होती. चप्पल पायात जाईना. ताईने घरी नेऊन कोमट पाण्यात पाय बुडवायला लावले, साबण लावला आणि दोऱ्याने हळूहळू जोडवी काढली. फोनवर आई म्हणाली, "प्रवासाचं काही नाही रे, पण पाय माझे राहिले नव्हते."

त्या तिकिटासाठी मी आठ दिवस भाव पाहिले होते. विमानाची वेळ पाहिली होती. सोळा तास एका खुर्चीत बसणाऱ्या अडुसष्ट वर्षांच्या बाईचे पाय मात्र मी पाहिले नव्हते. त्यानंतर आई-अण्णांच्या आणखी दोन फेऱ्या झाल्या आणि शेजारपाजारच्या चार-पाच घरांच्या तिकिटांतही मी लक्ष घातलं. सोलापुरातून मुलाकडे-मुलीकडे जाणारे बहुतेक जण साठीच्या पुढचे असतात. पहिल्यांदाच निघालेले असतात आणि इंग्रजीला बिचकतात. हा लेख त्यांच्या मुलांसाठी आहे, कारण तिकीट मुलंच काढतात.

माझं म्हणणं एवढंच आहे की विनाथांबा विमान घ्यायचं की नाही, हे किलोमीटर किंवा भाव पाहून ठरवू नका. घराच्या उंबऱ्यापासून लेकीच्या उंबऱ्यापर्यंत किती वेळा चढावं-उतरावं लागतं आणि तुमच्या माणसाला काय जास्त जड जातं, बसणं की बदलणं, यावर ठरवा.

'डायरेक्ट' आणि 'नॉनस्टॉप' एक नाही

आपण सोलापूरकर सर्रास 'डायरेक्ट फ्लाइट' म्हणतो. विमानाच्या भाषेत डायरेक्ट म्हणजे फ्लाइट नंबर एकच, पण वाटेत थांबा असू शकतो. कधी त्या थांब्यावर सामानासकट उतरवतात, कधी विमानही बदलतं. नॉनस्टॉप म्हणजे चढलात की थेट मुक्कामी. एस.टी.च्या पाटीवरचा शब्द इथे अगदी चपखल बसतो: विनाथांबा. पुण्याची गाडी 'थेट' असली तरी इंदापूर-भिगवणला थांबते, विनाथांबा थांबत नाही. तिकिटाचंही तसंच आहे.

आमच्या दुसऱ्या फेरीत एका एजंटने 'डायरेक्ट' म्हणून दिलेल्या तिकिटात मध्ये एक थांबा निघाला. आई-अण्णांना मध्यरात्री उतरून पुन्हा सुरक्षा तपासणीतून जावं लागलं. तिकिटावर सगळं छापलेलं होतं, मीच वाचलं नव्हतं. म्हणून पैसे भरण्याआधी तिकिटाचा कच्चा मसुदा मागा आणि त्यावर 'थांबे' किंवा 'स्टॉप्स' या रकान्यासमोर शून्य आहे का, ते डोळ्यांनी पाहा. तोंडी उत्तरावर थांबू नका.

शून्य असलं तरी तो शब्द दगडावरची रेघ नसतो. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने आपली हवाई हद्द भारतीय विमानांना बंद केली. त्यानंतर दिल्लीहून अमेरिकेला विनाथांबा जाणारी विमानं वळसा घालून निघू लागली आणि काहींना इंधनासाठी व्हिएन्नात उतरावं लागलं. फेऱ्याही सुरू होतात, बंद होतात. हैदराबाद-शिकागो विनाथांबा २०२१ च्या जानेवारीत सुरू झाली आणि पुढे बंद पडली. मुंबईहून सॅन फ्रान्सिस्कोला डिसेंबर २०२२ मध्ये आणि न्यूयॉर्कला फेब्रुवारी २०२३ मध्ये एअर इंडियाने विनाथांबा विमान सुरू केलं. तुम्ही निघाल त्या महिन्यात यातलं काय चालू आहे, हे तिकीट काढायच्या दिवशीच पाहायचं. शेजारच्या काकांनी दोन वर्षांपूर्वी काय घेतलं होतं, यावर जाऊ नका.

अशी विमानं मोजकीच का

हे समजून घेतलं की भाव, सामानाची कडक वजनं आणि अवचित थांबे, सगळ्याचा उलगडा होतो.

लांबच्या गावाला निघालेली बैलगाडी डोळ्यापुढे आणा. वाटेत चारा मिळणार नाही, म्हणून चारा गाडीतच भरायचा. पल्ला जितका लांब तितका चारा जास्त. पण चाऱ्यालाही वजन आहे. तो ओढायला बैलांना जास्त ताकद लागते, म्हणजे आणखी चारा. शेवटी माल ठेवायला जागाच उरत नाही. विमानाचं नेमकं हेच होतं. सोळा-अठरा तासांच्या उड्डाणात पहिल्या काही तासांत जळणाऱ्या इंधनाचा मोठा भाग उरलेलं इंधन वाहून नेण्यातच खर्च होतो. मध्ये उतरून भरलं तर एकूण इंधन कमीही लागू शकतं.

एअरबसच्या ए३५०-९००यूएलआर या विमानात १,६५,००० लिटर इंधन मावतं, साध्या ए३५०-९०० पेक्षा सुमारे २४,००० लिटर जास्त. त्यासाठी नवी टाकी बसवली नाही. इंधनाची यंत्रणा बदलून आहे त्या टाक्या जास्त भरता येतील असं केलं. विमानाचं उड्डाणाच्या वेळचं कमाल वजन २८० टन आणि त्यात हे इंधनच १३० टनांच्या आसपास, म्हणजे जवळपास निम्मं. अशी सातच विमानं सिंगापूर एअरलाइन्सकडे आहेत. त्यांत प्रवासी फक्त १६१: ६७ बिझनेस क्लासमध्ये आणि ९४ प्रीमियम इकॉनॉमीत. साधा इकॉनॉमी वर्गच नाही. सिंगापूर ते न्यूयॉर्क हे १५,३०० किलोमीटरचं अंतर ते साडेअठरा-एकोणीस तासांत कापतं आणि आज जगात ठरलेल्या वेळापत्रकाने चालणारं सर्वांत लांब उड्डाण तेच आहे. याच कंपनीने २००४ मध्ये चार इंजिनांच्या ए३४०-५०० विमानाने ही सेवा सुरू केली होती, पण इंधनाचा खर्च झेपेना म्हणून २०१३ मध्ये थांबवली. २०१८ मध्ये दोन इंजिनांच्या नव्या विमानाने ती परत आणली.

दोन इंजिनं म्हटलं की अण्णांच्या कपाळावर आठी पडते. "समुद्रावर एक बंद पडलं तर?" प्रश्न रास्त आहे. दोन इंजिनांच्या विमानाला एक इंजिन बंद झाल्यावर दुसऱ्याच्या जोरावर किती मिनिटांत विमानतळ गाठता आला पाहिजे, याचा परवाना असतो आणि वाट त्यानुसारच आखतात. ए३५० ला ३७० मिनिटांपर्यंतचा परवाना २०१४ मध्येच मिळाला. बोइंगचं ७७७-२००एलआर हेही दोन इंजिनांचंच. नोव्हेंबर २००५ मध्ये ते हाँगकाँगहून पूर्वेकडे निघून न थांबता लंडनला पोचलं होतं, २१,६०२ किलोमीटर, २२ तास ४२ मिनिटं. हे मी अण्णांना सांगितलं तेव्हा ते गप्प झाले आणि मग खिडकीची सीट मागितली.

नकाशावर वाट वेडीवाकडी दिसते, त्याने गोंधळू नका. मुंबईहून न्यूयॉर्कची सर्वांत जवळची वाट उत्तरेकडे चढून जाते. घरात पृथ्वीचा गोल असेल तर दोन शहरांमध्ये दोरा ताणून बघा, लगेच कळेल. पण विमान नेहमी जवळच्या वाटेनेच जातं असंही नाही. वरच्या हवेत पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात, हिवाळ्यात त्यांचा वेग ताशी २०० किलोमीटरच्याही पुढे जातो. ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेलं. वाट लांबली, १५,३०० किलोमीटरची झाली, पण वारा पाठीशी असल्याने साडेचौदा तासांतच पोचलं. म्हणूनच जाता-येताचे तास सारखे नसतात. मुंबईहून न्यूयॉर्कला जाताना वारा समोरून येतो, येताना पाठीमागून.

याचा तुमच्या तिकिटाशी थेट संबंध आहे. वारा फार आडवा असेल तर विमान कंपनी वजन कमी करते. काही सीट रिकाम्या ठेवतात, कधी एखादी बॅग मागून पाठवतात. आणि कधी वाटेत इंधन भरायला उतरतात. म्हणून विनाथांबा विमानातही एक दिवसाची औषधं आणि एक जोडी कपडे हातातल्या पिशवीत असलेच पाहिजेत.

कुणाला विनाथांबा, कुणाला थांबा बरा

मुंबईहून न्यूयॉर्क साधारण साडेबारा हजार किलोमीटर. विनाथांबा सोळा तासांच्या आसपास. आता पर्याय पाहू.

दुबई किंवा दोहावरून गेलात तर पहिला टप्पा तीन-साडेतीन तासांचा, पण पुढचा चौदा तासांच्या घरातच राहतो. म्हणजे लांब बसणं फारसं वाचत नाही, वर एक बदल वाढतो. लोक 'मध्ये ब्रेक मिळतो' म्हणून ही वाट घेतात, पण पायांच्या दृष्टीने हा ब्रेक चुकीच्या जागी आहे. गुडघे आणि पाय हाच प्रश्न असेल तर युरोपमधून जा. मुंबई ते फ्रँकफर्ट किंवा लंडन नऊ तासांच्या आसपास आणि तिथून न्यूयॉर्क आठ-नऊ तास. प्रवास खरोखर दोन भागांत वाटला जातो. मात्र तिथे ट्रान्झिट व्हिसा लागतो का, हे विमान कंपनीला विचारून लेखी घ्या. नियम देशागणिक वेगळे आहेत आणि हातात अमेरिकेचा व्हिसा असला की बऱ्याचदा सूट असते.

अबू धाबीची गोष्ट वेगळी आहे. तिथे अमेरिकेचं इमिग्रेशन विमानात चढण्याआधीच होतं. आई-वडिलांना अमेरिकेत उतरल्यावर पुढचं देशांतर्गत विमान पकडायचं असेल, तर याचा चांगला उपयोग होतो. एरवी अमेरिकेत ज्या पहिल्या विमानतळावर उतराल तिथेच सामान ताब्यात घेऊन, कस्टम्समधून बाहेर पडून, ते पुन्हा पुढच्या विमानात द्यावं लागतं. मुलगा डॅलसला असेल तर 'न्यूयॉर्कपर्यंत विनाथांबा' या शब्दावर खूश होऊ नका. खरी धावपळ न्यूयॉर्कलाच होते.

माझा हिशोब असा आहे. भाषेची अडचण, विसराळूपणा, डोळ्यांचा त्रास किंवा एकट्याने प्रवास असेल तर विनाथांबा, चार पैसे जास्त गेले तरी. मोठ्या परदेशी विमानतळावर गेट शोधताना माणूस जो घाबरतो, त्याची किंमत पैशांत होत नाही. याउलट पायात रक्ताची गाठ होऊन गेलेली असेल, नुकतं ऑपरेशन झालं असेल, हृदयाचा किंवा फुप्फुसाचा आजार असेल, लघवीला वारंवार जावं लागत असेल पण उठायला त्रास असेल, तर आधी डॉक्टर आणि मग तिकीट. अशांना युरोपमधला थांबा किंवा वाटेत एक रात्र मुक्काम जास्त मानवतो. दोघं सोबत असतील, एक जरी इंग्रजी वाचणारा असेल आणि प्रकृती ठणठणीत असेल, तर स्वस्तातलं एक थांब्याचं तिकीट घ्यायला माझी ना नाही.

सोलापूर ते मुंबई: निम्मी चूक इथेच होते

अमेरिकेची बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर '१५ तारीख, ०१:३०' असेल तर विमानतळावर १४ तारखेला रात्री दहाच्या आत पोचायचं आहे. आमच्या गल्लीतलं एक कुटुंब १५ च्या रात्री मुंबईला निघायच्या तयारीत होतं. नातवाने तिकीट वाचलं म्हणून वाचले. कॅलेंडरवर विमानाच्या तारखेवर खूण करू नका, घरातून निघायच्या तारखेवर करा.

१५ च्या पहाटेचं विमान असेल तर सोलापुरातून दोन चांगल्या वाटा आहेत. १३ च्या रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस धरा, १४ ला सकाळी मुंबई. दिवसभर नातेवाइकांकडे किंवा विमानतळाजवळच्या हॉटेलात पाय लांब करून विश्रांती आणि संध्याकाळी निवांत विमानतळ. मला हीच वाट सर्वांत आवडते. दुसरी वाट सकाळी सहाच्या सुमारास सुटणारी वंदे भारत, दुपारी साडेबाराच्या आसपास मुंबई. तिला आठवड्यात एक दिवस सुट्टी असते, तो वार तुमच्या तारखेला येतो का ते आधी बघा. रस्त्याने अंतर साधारण ४०० किलोमीटर आहे, पण पुण्यात आणि घाटात गाडी अडकली की हिशोब कोलमडतो. गाडी केलीच तर सकाळी निघा, दुपारी नको.

आता होटगी रोडवरच्या सोलापूर विमानतळावरून विमानही आहे. २०२३ च्या जूनमध्ये विमानांच्या वाटेत येणारी सिद्धेश्वर कारखान्याची चिमणी पाडली तेव्हा गावात केवढा गदारोळ झाला, ते आपल्याला आठवतंच. २०२५ मध्ये आधी गोव्याला आणि ऑक्टोबरपासून मुंबईला विमान सुरू झालं. आई-वडिलांसाठी ही सोय मोठी आहे, पण एक अट सांभाळा. हे तिकीट आणि अमेरिकेचं तिकीट वेगवेगळ्या पीएनआरवर असेल, तर छोटं विमान रद्द झाल्याची जबाबदारी मोठ्या विमानाची कंपनी घेत नाही. म्हणून एक दिवस आधीचं विमान घ्या. छोट्या विमानात सामानाची मर्यादाही कमी असते. अमेरिकेसाठी २३ किलोच्या दोन-दोन बॅगा असतील तर त्या रेल्वेने किंवा गाडीने पुढे पाठवा. आणि मुंबईत कोणत्या टर्मिनलवर उतरणार ते पाहा. टी१ आणि टी२ मधलं अंतर चालत जाण्याजोगं नाही.

सीएसएमटीहून टी२ ला आता भुयारी मेट्रो थेट जाते. सामान थोडं असेल, माणूस धडधाकट असेल तर मेट्रो. चार मोठ्या बॅगा असतील तर दादरला उतरून टॅक्सी.

अक्कलकोट, उमरगा भागातले लोक विचारतात, हैदराबाद बरं का? रस्ता सरळ आहे, अंतर मुंबईपेक्षा कमी. आपल्या पूर्व भागातल्या कितीतरी घरांचे नातेवाईक तिकडे आहेत. आखातातून किंवा युरोपमधून जायचं असेल तर हैदराबाद जरूर पाहा.

तिकिटासोबत मागून घ्यायच्या गोष्टी

व्हीलचेअर मागायला लाजू नका. अण्णांनी पहिल्यांदा मानच हलवली, "मी काय अपंग आहे?" मोठ्या विमानतळावर गेटपर्यंत एक-दीड किलोमीटर चालावं लागू शकतं, हे सांगितल्यावर ते तयार झाले. मदतीचे तीन प्रकार असतात: फक्त लांब चालता येत नाही, जिने चढता येत नाहीत, किंवा सीटपर्यंत न्यावं लागतं. खरा असेल तोच सांगा आणि ४८ तास आधी नोंदवा. भाषा न येणाऱ्याला इमिग्रेशनपर्यंत सोबत मिळते, हा मोठा आधार आहे.

जेवणाचं फार जणांचं चुकतं. 'हिंदू मील' शाकाहारी असतंच असं नाही, बऱ्याचदा त्यात चिकन किंवा मासे असतात. शाकाहाऱ्याने 'एशियन व्हेजिटेरियन' किंवा 'जैन' सांगावं. 'डायबेटिक मील'ही सामिष असू शकतं. माळकरी घरात हे आधीच नीट विचारून घ्या. प्रवासात एकादशी येत असेल तर उपासाचं घरून न्या, विमानात ते मिळणार नाही.

सीट घेताना वयस्कर माणसाला वाटेकडेची, म्हणजे आईल सीट. बोइंग ७८७ आणि ए३५० मध्ये इकॉनॉमीत बहुधा तीन-तीन-तीन अशी रचना असते. दोघं असतील तर मधल्या रांगेत एक आईल आणि शेजारची. स्वच्छतागृहापासून चार-सहा ओळी दूर बसा. अगदी जवळ घेतली तर रात्रभर दार वाजतं आणि रांग अंगावर येते.

सामान: शेंगाचटणी कुठे ठेवायची

शेंगाचटणी, तिखट, मेतकूट, भाजणी, सगळं चेक-इन बॅगेत. अमेरिकेच्या विमानात ३५० मिलिलिटरपेक्षा जास्त पूड हातातल्या सामानात असेल तर अडवतात आणि तिखट तर आपल्याकडेच केबिनमध्ये चालत नाही. लोणचं, तूप हेही खालच्याच बॅगेत. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या न्यायच्याच नाहीत. त्यातल्या तेलामुळे ते पेट घेणाऱ्या वस्तूंत धरतात. कडक भाकरी मी स्टीलच्या डब्यात घालून दोन चादरींच्या घड्यांमध्ये दाबतो, न्यू जर्सीपर्यंत एकही मोडलेली नाही.

अमेरिकेत उतरल्यावर 'खाण्याचे पदार्थ आहेत का' विचारलं की 'हो' म्हणायचं. सांगितलेलं चटणीचं पाकीट सहसा परत मिळतं, न सांगितलेल्याचा दंड होतो. कढीपत्ता, ताजी फळं, बियाणं, मांस नको. तांदूळही नको, आपल्याकडून जाणाऱ्या तांदळावर तिथे किडीच्या भीतीने बंदी आहे. पॉवर बँक मात्र उलट: ती हातातल्या पिशवीतच, खालच्या बॅगेत अजिबात नाही.

औषधं सगळी हातात. इन्सुलिन खालच्या सामानात गोठून निकामी होऊ शकतं. डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत, औषधाच्या मूळ नावासह. गोळ्यांच्या वेळेचा गोंधळ असा सोडवला: आईच्या बटव्यात मी लहान पाकिटं केली आणि त्यांवर घड्याळाची वेळ न लिहिता प्रसंग लिहिला. 'विमान सुटल्यावरच्या पहिल्या जेवणाबरोबर', 'दुसऱ्या जेवणाआधी', 'ताईच्या घरी पोचल्यावर'. पश्चिमेकडे जाताना दिवस लांबतो, त्यामुळे इन्सुलिनची मात्रा आणि अंतर काय ठेवायचं हे मधुमेहाच्या डॉक्टरांनीच लिहून द्यायला हवं. यात आपली हुशारी नको.

सोबत एक कार्ड. त्यावर इंग्रजीत: मला मधुमेह आहे, मला मराठी आणि हिंदी येतं, मी मुलीकडे चालले आहे, तिचा फोन आणि पत्ता हा. आईने ते कार्ड पर्सच्या बाहेरच्या खणात ठेवलं होतं आणि इमिग्रेशनच्या खिडकीत तेच पुढे केलं. दुभाषाही मागता येतो. फक्त 'हिंदी' एवढं म्हणायचं.

विमानातले सोळा तास

विमानात हवेचा दाब जमिनीसारखा नसतो. ७८७ आणि ए३५० मध्ये तो सुमारे सहा हजार फुटांवरच्या हवेइतका ठेवतात. म्हणजे १,६४६ मीटरच्या कळसूबाईच्या शिखरापेक्षाही जरा वर बसून तुम्ही सोळा तास काढता. जुन्या विमानांत तो आठ हजार फुटांपर्यंत असू शकतो. त्यामुळे प्राणवायू थोडा कमी मिळतो, पोटातला वायू फुगतो. म्हणून निघायच्या दिवशी हरभरा, वाटाणा, कोबी टाळा. हवाही कोरडी, आर्द्रता दहा-वीस टक्के, आपल्या मेमधल्या दुपारसारखी. घशाला कोरड पडते पण घाम येत नाही म्हणून पाणी प्यायचं भान राहत नाही. आई पाणी मुद्दाम कमी प्यायली होती, उठायला नको म्हणून. पाय सुजण्याबरोबर तिचं डोकंही दुखत होतं ते त्यामुळे. दर तासाला अर्धा कप पाणी आणि उठायचं. उठावं लागतं हाच त्यातला फायदा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या अभ्यासात चार तासांहून लांब प्रवासात शिरांमध्ये रक्ताची गाठ होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो असं आढळलं. मुळात तो धोका कमीच आहे, सहा हजारांत एकाच्या आसपास. पण वय, लठ्ठपणा, आधीची गाठ, नुकतं झालेलं ऑपरेशन यांनी तो वाढतो. उपाय साधे आहेत. बसल्या जागी टाचा टेकवून चवडे वर, मग चवडे टेकवून टाचा वर, दर अर्ध्या तासाला वीस-तीस वेळा. आईला मी सांगितलं, शिवणयंत्राचा पायटा मारतेस तसं. तिला लगेच कळलं. दोन तासांनी मागच्या स्वयंपाकघरापर्यंत एक चक्कर. गुडघ्याखालपर्यंतचे घट्ट मोजे डॉक्टरांना विचारून, पायाचं माप देऊन घ्या. मधुमेहात पायांचा रक्तपुरवठा कमी असेल तर ते चालत नाहीत. झोपेची गोळी घालून लांब झोपवू नका, पाय हलायचेच थांबतात.

आणि जोडवी. आई ती काढायला तयार नव्हती आणि तिच्या मनाविरुद्ध मी आग्रह धरला नाही. सराफाकडे नेऊन दोन्ही जोडव्यांचं तोंड थोडं उघडून सैल करून घेतली. पुढच्या फेरीला बोटं सुजली तरी काही झालं नाही. अंगठ्या, घट्ट बांगड्या यांचंही तेच करा. चप्पल-बूट अर्धा नंबर मोठा, बंदाचा.

पट्टा मात्र झोपेतही बांधलेला हवा आणि तोही पांघरुणाच्या वरून, म्हणजे कर्मचारी उठवत नाहीत. लंडनहून सिंगापूरला निघालेलं विमान २१ मे २०२४ ला हवेच्या जोरदार झटक्यात सापडलं, एका प्रवाशाचा जीव गेला आणि अनेक जखमी झाले. सैल का होईना, पट्टा सोडायचा नाही.

पोचल्यावर, आणि परत आल्यावर

इमिग्रेशनला किती दिवस राहायची मुदत मिळाली, ती नोंद त्याच आठवड्यात आय-९४ च्या संकेतस्थळावर पाहून तिची प्रत घ्या. व्हिसाची मुदत दहा वर्षांची असली तरी राहायची मुदत ती नव्हे. एका फेरीसाठी ती साधारण सहा महिन्यांची असते.

न्यूयॉर्क आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तास मागे. तिथल्या संध्याकाळी सहाला आईच्या शरीरात पहाट झालेली असते. पहिल्या दिवशी संध्याकाळी सातपर्यंत कसंही करून जागं ठेवा आणि दुपारी उजेडात बाहेर फिरवा. शरीराचं घड्याळ दिवसाला साधारण तासभर सरकतं, तेव्हा आठ-दहा दिवस लागणारच. पोटऱ्या दुखल्या, एकाच पायाला सूज किंवा गरमी जाणवली, धाप लागली तर 'प्रवासाचा शीण' म्हणून सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टर. गाठ कधी कधी प्रवासानंतर काही दिवसांनीही त्रास देते. तिकडचा दवाखाना परवडणारा नसतो, म्हणून आरोग्य विमा निघायच्या आधीच घ्या आणि त्यात आधीपासूनचे आजार धरले आहेत का, ते वाचा.

परतीचा प्रवास पूर्वेकडे असतो आणि बहुतेकांना तोच जास्त जड जातो. मुंबईला उतरल्या उतरल्या त्याच रात्रीची गाडी धरू नका, एक रात्र मुंबईत झोपू द्या. सोलापुरात आल्यावर भर दुपारी डोळे मिटतात आणि रात्री दोनला टक्क जाग येते. अण्णांना पहिले चार दिवस मी दुपारी बारा-एकला मुद्दाम सिद्धेश्वर तलावाच्या काठी फिरायला न्यायचो, आणि त्या आठवड्यातल्या बँकेच्या, पेन्शनच्या, दवाखान्याच्या कामांच्या तारखा आधीच पुढे ढकलून ठेवायचो.